डाव्या पायाचा वाघ

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. कोणी विचारलं नाही असं नव्हे. लोक विचारायचे, आणि मी दुसऱ्याच एखाद्या वाघाची गोष्ट सांगून त्यांना वाटेला लावायचो. वनखात्यात गार्ड म्हणून हयात घालवलेल्या माणसाकडे वाघांना काय तोटा? खरे-खोटे मिळून माझ्या पोतडीत जेवढे वाघ आहेत तेवढे आमच्या जंगलातही नसतील. हा एक तेवढा मागे ठेवला होता, कारण तो मी स्वतःच्या हातांनी केलेला आहे.

आता मी गडचिरोलीत मुलाकडे राहतो. संध्याकाळी आम्ही काही पेन्शनर बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहाला जमतो. पेपरात बातमी असते की अमुक देशात तमुक पुढाऱ्यानं सगळी सत्ता खिशात घातली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातले एक निवृत्त मास्तर लगेच पेपर बाकावर आपटतात.

"लोकायले अक्कल नाई का बा? काऊन जातात असल्या माणसाच्या मागं?"

मग कोणी म्हणतं, अडाणी जनता. कोणी म्हणतं, घाबरवून ठेवलं असेल. कोणी म्हणतं, पैसे वाटले असतील. मी बिस्कीट चहात बुडवतो. मला कोणी पैसे दिले नव्हते. मी अडाणी नव्हतो. आणि भीतीचं म्हणाल, तर ज्या गोष्टीला सारा गाव भीत होता ती तिथं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला मिळाली होती एक शिट्टी, आणि लाल खोळ घातलेली एक खुर्ची.

रिटायर झाल्यावर मी आणि बायको आमच्या गावी परतलो. चंद्रपूर जिल्ह्यातला झाडीचा भाग. धानाच्या बांध्या, त्यांच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीला लागून जंगल. नोकरीत असताना मला बघून लोक सायकलवरून उतरायचे. रिटायर झालो आणि तीच माणसं माझ्या दारावरून लाकडाची मोळी नेऊ लागली. वर हसून विचारायची, "जेवले का, गारडबाबू?" मला वाईट वाटायचं ते मोळीचं नाही. सायकलवरून न उतरण्याचं.

अशात एका वर्षी, मोहफुलं पडायला लागली त्याच सुमाराला, बोडीच्या काठी वाघानं गाय मारली.

तो वाघ खरा होता, हे आधी नोंदवून ठेवतो. मी स्वतः ठसे पाहिले. नर होता, तरणा होता. लोकांची भीतीही खरी होती. आमच्याकडे वाघानं माणूस नेल्याची बातमी ऐकली नाही असं घर सापडणार नाही. पण मोह तर वेचायलाच हवा. फुलं पहाटे पडतात. उन्हं वर आली की सुकतात, नाहीतर माकडं आणि चितळं खाऊन टाकतात. गावात कोणतं झाड कोणाच्या घरानं वेचायचं हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. त्याचा कागद नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे.

ग्रामसभा बसली. आमच्या गावची ग्रामसभा म्हणजे एक नळ कुठं बसवायचा यावर सारा उन्हाळा भांडणारी. सगळ्यांना बोलायचं असतं आणि ऐकायचं कोणालाच नसतं. वाघावरही तसंच चाललं. एक म्हणे ढोल वाजवा, एक म्हणे खात्यात अर्ज द्या, एकाला मधेच नळाची आठवण झाली. तेवढ्यात मंडप-डेकोरेशनवाला उठला.

लग्नात मंडप, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर लावायचे, हा या माणसाचा धंदा. बाकी विशेष काही नाही. शेती बेताची, शिक्षण बेताचं. पण गावात माइक एकट्या त्याच्याकडे होता. त्यानं तो जोडला आणि शांतपणे म्हणाला, "उद्यापासून मी भोंगा वाजवतो. भोंगा झाला का सगळे संगं निघा, भोंगा झाला का सगळे संगं वापस. एकटा कोणी जाणार नाई. कोणत्या बाजूनं जाचं ते मी सांगन. झालं. चला, जेवाले जा."

एवढंच. पण तुम्हाला काय सांगू, किती हलकं वाटलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा ग्रामसभा जेवणाच्या वेळेआधी संपली होती. पहिली टाळी मी वाजवली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. पाया पडला. "गारडबाबू, वाघातलं मले काय समजते? तुम्ही संगं असले तं लोकायले भरोसा राहीन." आणि त्यानं शर्टाच्या खिशातून एक शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. पुढच्या सभेला त्यानं मंडप घातला, आणि त्यात माझ्यासाठी त्याच्या शेजारी खुर्ची आली. बाकीच्यांना सतरंजी. खुर्चीला लाल खोळ, मागे सोनेरी रिबिनीची गाठ. ती गाठ पाठीला टोचायची, पण मी हललो नाही.

लोक पुन्हा सायकलवरून उतरू लागले.

मंडपवाल्याचा "भाऊ" झाला, आणि मोहाचा मोसम मध्यावर यायच्या आत "भाऊसाहेब". भोंग्याचे नियम वाढत गेले. आधी एकट्यानं जंगलात जायचं नाही, ठीक. मग अंधार पडल्यावर पानठेल्यावर थांबायचं नाही, कारण वाघ. मग चारचौघांनी जमून बोलायचं नाही, कारण आवाजानं वाघ येतो. मग लग्न असेल तर आधी भाऊसाहेबांना विचारायचं, कारण मंडप कुठं घालायचा हे वाघाच्या वाटेवर अवलंबून. मंडप अर्थातच त्यांचाच. नळाचा विषय एका म्हाताऱ्यानं काढला तर भाऊसाहेब माइकवरून म्हणाले, "काका, वाघ पाहाचा का नळ पाहाचा?" सगळे हसले. काकाही हसले. मी तर पोट धरून हसलो. खुर्ची त्यांच्या शेजारीच होती.

आणि लोक सुखात होते, हे लिहायला मला अजून अवघड जातं. आमचा शेजारी जन्माचा आळशी. पहाटे उठला नाही म्हणून बायकोच्या शिव्या खायचा. आता ऐटीत सांगायचा, "भोंगा होऊ दे, मंग उठतो. कायदा हाय." पलीकडच्या घरातली सासू खूश, कारण सून एकटी कुठं जात नव्हती. भाऊसाहेबांनी वाघ-समिती नेमली होती, तिच्यातल्या तरण्या पोरांना दंडावर बांधायला पट्ट्या मिळाल्या होत्या. मला शिट्टी होती.

खूश नव्हत्या त्या एकच बाई.

या बाई आमच्या घरामागच्या बौद्ध वस्तीत राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी कोरपन्याला दिलेली. माझ्या बायकोची त्यांच्याशी गट्टी. उन्हाळ्यात दोघी आमच्या अंगणात पापड लाटायच्या आणि माझी टिंगल करायच्या. बोडीच्या काठचं थोरलं मोहाचं झाड बाईंच्या घराचं. त्या झाडाच्या फुलांवर त्यांचं वर्षातलं बरंचसं निघायचं. आणि भाऊसाहेबांनी बोडीची बाजू धोक्याची म्हणून साफ बंद केली होती. फुलं पडत होती, सुकत होती, आणि बाई दारात उभ्या राहून त्या बाजूला बघत होत्या.

एका सभेत त्या सतरंजीवरून उठल्या.

"वाघ गेला," त्या म्हणाल्या.

पोरं खिदळली. "काऊन, तुम्हाले सांगून गेला का?"

"माकडं खाली उतरून फुलं खाऊन राह्यली. भरदुपारी चितळं बोडीवर पाणी पेऊन राह्यली. वाघ असता तं आली असती का? आता पुरे करा तुमचा भोंगा. माया झाडाची फुलं सडून राह्यली."

भाऊसाहेब रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत. आवाज वाढवायला त्यांच्याकडे मशीन होतं. "बाई, उद्या कोणाले वाघानं नेलं तं जबाबदारी तुमची का?" आणि माझ्याकडे वळून, "गारडबाबू, यातले जाणकार तुम्ही. तुमचा शब्द शेवटचा. वाघ हाय का नाई?"

सारा गाव माझ्या तोंडाकडे पाहत होता. असं माझ्या तोंडाकडे नोकरीतही कोणी पाहिलं नव्हतं. बाईही पाहत होत्या, जरा निर्धास्तपणे. माकडांचं आणि चितळांचं मला कळतं हे त्यांना ठाऊक होतं. किंबहुना हे मीच कधीतरी अंगणात पापड खाता खाता त्यांना सांगितलं होतं.

"उद्या ठसे पाहून सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी बोडीवर गेलो. प्रामाणिकपणे गेलो होतो, विश्वास ठेवा. काठानं पूर्ण फिरलो. चितळांचे खूर, मोराची बोटं, डुकराची उकरण. वाघाचं काही नाही. जुने ठसेही जनावरांनी तुडवून टाकलेले. वाघ गेला होता. बाईंच्या झाडाखाली फुलांचा नुसता खच पडला होता आणि त्यात माकडं गावजेवणाला बसावीत तशी बसली होती. मीही सावलीला टेकलो. उद्या सभेत "वाघ गेला" म्हणायचं. मग भोंगा बंद. मग खुर्ची मंडपवाल्याच्या गोदामात. मग शिट्टीचं काय करायचं? नातवंडांना द्यायची? मग पुन्हा "जेवले का, गारडबाबू?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांनी सुचवलंही नव्हतं. मी उठलो आणि आपल्या पायांनी घरी गेलो.

आता थोडं खात्याचं सांगावं लागेल. पूर्वी वाघांची मोजणी पायाच्या ठशांवरून व्हायची. चिखलात ठसा दिसला की त्यात प्लास्टर ओतायचं. सुकलं की उचलायचं. हातात वाघाचा पंजाच येतो, बोटं, गादी, सगळं. असा एक पंजा मी रिटायर होताना आठवण म्हणून घरी आणला होता. बायकोला त्याचं कौतुक शून्य. पापड वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडू नये म्हणून ती तो पंजा एका कोपऱ्यावर ठेवायची. त्या दुपारीही तो तिथंच होता. मी त्याच्या जागी वीट ठेवली.

बोडीच्या ओल्या काठावर मी तो पंजा दाबत गेलो. पाण्यापासून सुरुवात केली आणि बाईंच्या झाडापर्यंत नेला. काम सुबक झालं. वळणावर एक ठसा जरा खोल दिला, म्हणजे वाघानं थांबून मागे पाहिलंय असं वाटावं. मला माझाच अभिमान वाटला.

पण एक चूक झाली होती, आणि ती गार्डच करू शकतो. मोजणीच्या वेळी ठसा घ्यायचा तो मागच्या डाव्या पायाचाच, असा आमचा दंडक होता. माझ्याकडे पंजा होता तोही मागचा डावा. माझा वाघ बोडीपासून झाडापर्यंत फक्त मागच्या डाव्या पायावर चालत गेला होता.

हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सारा गाव ठशांभोवती उभा असताना. आता कोणीतरी बोलेल म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पण लोक वाकून वाकून पाहत होते आणि माना डोलवत होते.

"बाप्पा! केवढा हाय!"

"नर हाय, नर."

"हा तोच होय. मी याले ओळखतो," आमचा शेजारी म्हणाला. आयुष्यात त्यानं वाघ पाहिला नव्हता.

भाऊसाहेबांनी मोबाईलमध्ये फोटो काढले. बाई सगळ्यात शेवटी पुढे आल्या. ठशांच्या बाजूनं चालत झाडापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"गारडबाबू, हा वाघ चालते कसा जी?"

मी शिट्टीची दोरी नीट केली. "वाघासारखा," म्हणालो.

काय हशा पिकला! त्या हशात बाईंचा विषय संपला. संध्याकाळी सभेत ठरलं की गावाला वाघाच्या तोंडी देणाऱ्या बाईचं झाड आता समितीकडे राहील, आणि भोंग्याच्या वेळी समितीची माणसं ते वेचतील. त्यांतला एक आमचा शेजारी होता. हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. बाईंच्या घरी जाणं-येणं बंद करा असं कोणी म्हटलं नाही. ते आपोआप बंद झालं.

घरी आलो तर बायको अंगणात पंजा धूत बसली होती.

"पापडावरचा वाघ कुठी गेला होता?" ती म्हणाली. "पायाले चिखल हाय."

मी शिट्टी खुंटीला अडकवली. तिनं पंजा पुसला आणि लुगड्याच्या कोपऱ्यावर ठेवला. त्या उन्हाळ्यात उरलेले पापड तिनं एकटीनं लाटले. मला एकही भाजून दिला नाही, मागितला तेव्हा म्हणाली, "समितीले विचारा."

बाई घराला कुलूप लावून मुलीकडे कोरपन्याला निघून गेल्या. झाडाखाली फुलं अजून पडत होती. मोसम संपला, पावसाळा आला, भाऊसाहेब ग्रामपंचायतीवर निवडून आले. वाघ गेला असं मात्र कोणी कधी जाहीर केलं नाही. नियम राहिले, वाघाचं नाव हळूहळू मागे पडलं. नळ अजून व्हायचा आहे.

बायको वारली, मी गडचिरोलीला मुलाकडे आलो, आणि त्यानंतर एकदा कोरपन्याला गेलो. पंजा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला होता. का घेतला होता कोण जाणे. पुरावा म्हणून असेल. वाटेत कापसाची शेतं, आणि सिमेंटची धूळ बसून पांढरी पडलेली झाडं. बाईंनी मला ओळखलं. बायकोचं ऐकून डोळ्यांना पदर लावला, मग पिशवीकडे बघून म्हणाल्या, "वाघ आणला वाटते."

मी टॉवेल सोडला. त्यांनी पंजा उलटासुलटा करून पाहिला.

"हाच होय. मागचा डावा."

"म्हणजे तुम्हाले तेव्हाच समजलं होतं?"

"मले?" बाई हसायला लागल्या, आणि त्यांचं हसू थांबेना. "अवो, साऱ्या गावाले समजलं होतं! ढोरं चारणाऱ्या माणसायले पाय समजत नाई का? वापस येता येता पोरं रस्त्यानं लंगडी घालून राह्यली होती."

मला हे नवीन होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी गावाला फसवलं.

"मंग कोणी बोललं काऊन नाई?"

"काऊन बोलतीन? तुमच्या शेजाऱ्याले माया झाडाची फुलं पाहिजे होती. त्या सासूले सून घरात पाहिजे होती. ज्याले त्याले आपापला वाघ पाहिजे होता, बाबू. तुम्ही फक्त पाय देल्ला."

त्यांनी चहा केला. आम्ही पुन्हा हसलो. लंगडी घालणाऱ्या पोरांची आठवण काढून हसलो. हसता हसता मी कप खाली ठेवला. "बाई, मी..."

"मले नका सांगू," त्या म्हणाल्या. हसू गेलं होतं. "मले तं मालूमच हाय. मी त्या दिवशी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. जिथी बोलाचं होतं, तिथी बोला. मंडपात."

पंजा त्यांनी ठेवून घेतला. दारात सांडगे वाळत होते. कापडाच्या कोपऱ्यावर ठेवला.

मंडपाची संधी माझ्याकडे चालत आली. गावातून भाऊसाहेबांचा फोन: वाघापासून गावाचं रक्षण केल्याबद्दल माझा सत्कार करायचा आहे. मी लगेच हो म्हणालो. बाईंना फोन करून सांगितलं, "या. मंडपात बोलणार हाय." त्या म्हणाल्या, "पाहू." पण आल्या. एवढ्या लांबून, गाड्या बदलत आल्या आणि बायकांच्या सतरंजीवर एका बाजूला बसल्या. चपला मंडपाच्या कडेला काढून ठेवल्या होत्या.

बसमध्ये मी वाक्यं पाठ केली होती. वाघ गेला होता. बाई खऱ्या होत्या. ठसे माझे होते. चुकलो, बाई. यापेक्षा लांब काही नव्हतं.

शाल घातली, नारळ दिला, माइक हातात आला. मी म्हणालो, "हॅलो. आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला!" सगळा मंडप ओरडला.

भाऊसाहेब खुर्चीत निवांत बसून सुपारी कातरत होते. मशीनच्या खटक्यावर कोणाचा हात नव्हता. मला कोणी अडवणार नव्हतं. शेजारी खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होता. बाकीचे माझ्याकडे बघत होते, फार प्रेमानं, घरातल्या म्हाताऱ्यानं पाहुण्यांपुढं भलतंसलतं बोलू नये म्हणून बघावं तसे. बाई त्या दिवशीसारख्याच बघत होत्या. पाठीला ती रिबिनीची गाठ लागली नव्हती, मी उभा होतो, तरी टोचली.

"या सत्काराबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे," मी म्हणालो. पुणेरी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोललो. टाळ्या झाल्या.

बाई उठल्या. कडेला जाऊन चपला शोधू लागल्या. एक सापडली, दुसरी कोणाच्या तरी पायाखाली सरकली होती. ती शोधायला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात ती सगळी वाक्यं सहज बोलून झाली असती. माइक माझ्याच हातात होता आणि सुरू होता. मी नारळ काखेत धरला, माइक तोंडाजवळ आणला, आणि म्हणालो, "कोणीही जाऊ नये. जेवण करूनच जावं, ही नम्र विनंती."